गडी कोणाच्या नावावर?

आमच्या गोरेगावचा पत्ता सांगताना 'मुंबईचं नव्हे' हे आधीच सांगून टाकावं लागतं. हिंगोली जिल्हा, सेनगाव तालुका, तालुक्याच्या पलीकडे वाशिमची हद्द. २०२५ साली पावसानं मराठवाड्यात जे केलं ते इथंही केलं. शेंगा धरलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं आणि पारावरची बोलणी पंचनामे, पीकविमा आणि अनुदानाच्या याद्या यांपलीकडे जाईनात. अशा दिवसांत खो-खोवरून कुणी हमरीतुमरीवर येईल असं वाटलं नव्हतं, पण दोघं आले. त्या वर्षीच्या अर्जुन पुरस्काराच्या यादीत खो-खोचं नाव असेल का, आणि असलं तर ते प्रियंका इंगळेचं असेल का, यावरून.

एकीकडे निवृत्त क्रीडाशिक्षक, ज्यांना सगळं गाव नुसतं 'सर' म्हणतं. दुसरीकडे पोलीस भरतीसाठी पहाटे पळणारा, कॉलेजच्या संघातून विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा खेळलेला एक पोरगा. सरांच्या मते यात वाद घालण्यासारखं काही नाहीच. पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या संघाची कर्णधार, वर मराठवाड्याची लेक. नाव दुसरं कुणाचं असणार? पोरगा मात्र एकच प्रश्न धरून बसला होता. "सर, फायनलला पळालं कोण?"

तो विश्वचषक १३ ते १९ जानेवारी २०२५ या काळात दिल्लीच्या इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियममध्ये झाला. पुरुषांचे २० आणि महिलांचे १९ संघ आले होते. भारताच्या मुलींनी पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाला १७५-१८ असं धुतलं. अंतिम सामन्यांत दोन्हीकडे समोर नेपाळ होता. महिलांनी ७८-४०, पुरुषांनी ५४-३६ असा विजय मिळवला. पुरुषांचा कर्णधार पुण्याचा प्रतीक वाईकर. महिलांची कर्णधार प्रियंका इंगळे, मूळची बीड जिल्ह्यातली. इथवर सरांची बाजू भक्कम आहे.

पण महिलांच्या अंतिम सामन्यानंतर वैयक्तिक बक्षिसं वाटली गेली ती अशी: सर्वोत्कृष्ट आक्रमक अंशू कुमारी, सर्वोत्कृष्ट संरक्षक नेपाळची मनमती धामी आणि सामन्यातली सर्वोत्कृष्ट खेळाडू चैत्रा बी. तिघींत कर्णधाराचं नाव नाही. चैत्रा कर्नाटकची. शेवटच्या डावात तिची तुकडी पाच मिनिटांहून अधिक पळत राहिली आणि नेपाळचा उरलासुरला दम तिथंच संपला. विश्वचषकाचे नियम आपल्या मातीतल्या खो-खोपेक्षा वेगळे होते. सात-सात मिनिटांचे चार डाव, एका गड्याला दोन गुण, आणि तुकडी ठरावीक वेळेच्या पुढे टिकली तर पळणाऱ्या संघालाच गुण. त्याला 'ड्रीम रन' म्हणतात. जुन्या खो-खोत पळणारा फक्त वेळ खात असे, आता तो गुण मिळवतो. त्यामुळे 'पळालं कोण' हा प्रश्न नुसता भावनेचा राहिलेला नाही. गुणफलकच तो विचारतो.

आता गुणफलकाकडेच वळू, कारण या वादाचं मूळ तिथं आहे.

खो-खोच्या सामन्याची बातमी मराठी वर्तमानपत्रात कशी छापून येते ते वाचकांनी पाहिलेलं असेल. खेळाडूचं नाव, पुढे कंसात दोन आकडे मिनिटांचे आणि एक आकडा गड्यांचा. अमक्यानं पहिल्या डावात एक चाळीस, दुसऱ्यात दोन दहा संरक्षण केलं आणि तीन गडी बाद केले. खेळाडूचा अख्खा सामना त्या कंसात बसतो. पळाला किती वेळ आणि मारले किती. तिसरा रकाना नाही.

पण खेळ चालतो कसा? पाठलाग करणाऱ्या संघाचे आठजण मधल्या पाटीवरच्या चौरसांत एकाआड एक उलटसुलट तोंडं करून बसलेले असतात, नववा धावतो. या नवव्याला दिशा घेतली की मागं वळता येत नाही, पाटी ओलांडता येत नाही. पळणारा दोन बसलेल्यांच्या मधून सहज पलीकडे निसटतो. पाठलाग करणाऱ्याला मात्र पलीकडे तोंड करून बसलेल्याला खो देऊनच तिकडे पोहोचता येतं. चांगला पळणारा साखळी धरतो, म्हणजे एक सोडून एक वेणी घातल्यासारखा आतबाहेर होत जातो. त्याला तोडायचं तर एका माणसाच्या वेगाचं काम नाही. तीन-चार खो असे लागोपाठ आणि अचूक क्षणी पडावे लागतात की त्याची साखळी मोडून तो खांबाकडे ढकलला जाईल. तिथं खांबाला हात घालून कुणीतरी सूर मारतो, बोटं टाचेला लागतात, पंचांची शिट्टी होते. गडी सूर मारणाऱ्याच्या नावावर लिहिला जातो.

आणि तो बाद झाला कधी? जाणकाराला विचारा. तो सांगेल की पाचव्या चौरसातल्या पोरीनं पळणारीच्या पावलांचा आवाज पाठीमागून ऐकला, आधीच अंग सावरलं आणि खो मिळताच पहिलं पाऊल बरोबर टाकलं, तेव्हाच तो गडी गेला होता. किंवा सहावीनं खो द्यायची घाई केली नाही, पळणारीला एक पाऊल पुढं येऊ दिलं, तेव्हा गेला होता. या दोघींच्या कंसात त्या गड्याबद्दल काही येत नाही. पळणाऱ्यांचंही तसंच. तिघांची तुकडी एकदम आत उतरते, पाठलाग एका वेळी एकाचा होतो. कुणाच्या मागं किती वेळ लागले, जोडीदारानं पाठलाग अंगावर घेऊन दुसऱ्याला दम खाऊ दिला की नाही, हे घड्याळ सांगत नाही.

म्हणून खो-खोतला 'सर्वोत्कृष्ट खेळाडू' हा नेहमी थोडा वादाचाच राहतो. तरी या खेळानं वैयक्तिक पुरस्कारांची उतरंड मोठ्या हौसेनं रचली आहे. राष्ट्रीय स्पर्धेत किशोर गटात मुलांना 'भरत' आणि मुलींना 'इला', कुमार गटात 'वीर अभिमन्यू' आणि 'जानकी', खुल्या गटात पुरुषांना 'एकलव्य' आणि महिलांना 'राणी लक्ष्मीबाई'. या नावांतून खेळ स्वतःकडे कसा पाहतो तेही कळतं. अभिमन्यू वेढ्यात शिरला आणि एकटा लढला, एकलव्य एकटा शिकला. सगळे एकट्यानं लढणारे! ज्या खेळात एकट्याला पाटीसुद्धा ओलांडता येत नाही, त्या खेळाचे हे आदर्श.

प्रियंका इंगळेकडे यांतली 'इला'ही आहे आणि 'राणी लक्ष्मीबाई'ही. सरांच्या बाजूचा खरा पुरावा मला कर्णधारपदापेक्षा हा वाटतो. एका सामन्यात कोण चमकलं हा वेगळा प्रश्न आणि किशोर गटापासून खुल्या गटापर्यंत कोण सतत वरच्या फळीत राहिलं हा वेगळा. अर्जुन पुरस्काराची कसोटीही मागच्या चार वर्षांतल्या सातत्याची आहे, त्याशिवाय नेतृत्व, खिलाडूवृत्ती आणि शिस्त. नेतृत्व हा शब्द नियमातच असल्यामुळे कर्णधाराला थोडं झुकतं माप मिळणार हे उघड आहे. पोराला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, मग पुरस्काराचं नावच 'उत्कृष्ट कर्णधार' ठेवा की.

हा वाद आपल्याकडेच आहे असं समजू नये. अमेरिकेत तो दरवर्षी डिसेंबरात पेटतो, आणि तोही कॉलेजच्या पोरांवरून. तिथल्या फुटबॉलमध्ये चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो, आणि विद्यापीठांचे सामने पाहायला लाख-लाख लोक येतात. त्यातल्या वर्षातल्या सर्वोत्कृष्ट खेळाडूला हाइझमन ट्रॉफी मिळते. १९३५ साली न्यूयॉर्कच्या एका क्लबानं ती सुरू केली. पहिला मानकरी शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर. पुढच्या वर्षी क्लबाचे क्रीडा संचालक जॉन हाइझमन वारले आणि ट्रॉफीला त्यांचं नाव मिळालं. नऊशेच्या आसपास मतदार, बहुतेक क्रीडापत्रकार, त्यांच्यात आधीचे हयात विजेतेही. प्रत्येकानं तीन नावं द्यायची. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक.

आणि तिथलं रडगाणं ऐकलं तर आमच्या पाराचीच आठवण येते: ही ट्रॉफी क्वार्टरबॅकलाच का जाते? क्वार्टरबॅक म्हणजे डाव सुरू होताच ज्याच्या हाती चेंडू येतो तो. फेकायचा, शेजारच्याला सोपवायचा की स्वतः घेऊन पळायचं, हे त्यानं दोन-तीन सेकंदांत ठरवायचं. २००० ते २०२४ या पंचवीस वर्षांतले क्वार्टरबॅक नसलेले विजेते एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. त्या क्वार्टरबॅकला तेवढे दोन-तीन सेकंद मिळावेत म्हणून समोर पाच दांडगे गडी अंगावर धडका झेलत उभे असतात. त्यांच्यापैकी एकालाही ही ट्रॉफी आजवर मिळालेली नाही. १९७३ मध्ये ओहायो स्टेटचा जॉन हिक्स दुसरा आला, तीच त्यांची मजल. बचाव करणाऱ्यांचीही तीच गत. १९९७ साली मिशिगनच्या चार्ल्स वुडसननं पेटन मॅनिंग या नावाजलेल्या क्वार्टरबॅकला मागं टाकलं, त्याची चर्चा अजून होते. आणि वुडसनही नुसता बचावपटू नव्हता, अधूनमधून चेंडू घेऊन पळायचाही. २०२४ मध्ये ट्रॅव्हिस हंटरला मिळाली तीसुद्धा तो आक्रमण आणि बचाव दोन्हीकडे खेळत होता म्हणून.

म्हणजे नऊशे डोळस माणसांनी मतं दिली तरी डोळे चेंडूमागेच जातात. मतदान मोठं केलं म्हणून न्याय मोठा होत नाही. मला त्या पद्धतीतली एकच गोष्ट मनापासून आवडली, ती म्हणजे जुन्या विजेत्यांना मत. आपल्याकडे खो-खोचे अर्जुन विजेते मोजकेच. पहिले १९७० साली बडोद्याचे सुधीर परब, १९७१ मध्ये अचला देवरे, १९७५ मध्ये महाराष्ट्राचे श्रीरंग इनामदार, अशी ती यादी. १९९८ च्या शोभा नारायण यांच्यानंतर ती जी थांबली ती बावीस वर्षं हललीच नाही. हयात विजेत्यांना एका खोलीत बसवून 'सांगा, यंदा कोण?' असं विचारलं तर बंद पाकिटात काय येईल? पळणाऱ्यांचं माप पळणाऱ्यांनाच कळतं. अर्थात तिथंही गटबाजी होणार नाही असं नाही, माणसं आपलीच.

बावीस वर्षांचा तो खंड मोडला उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, सारिका काळेनं. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाची ती कर्णधार. २०२० च्या ऑगस्टमध्ये करोनामुळे पुरस्कार सोहळा पडद्यावर झाला, तेव्हा तिला अर्जुन मिळाला. घरात जवळपास दहा वर्षं एक वेळचंच जेवण असायचं, हे तिनं तेव्हा उघडपणे सांगितलं होतं. खेळाच्या बळावर ती क्रीडा अधिकारी झाली. मराठवाड्यातल्या शाळांच्या मैदानांवर तिचं नाव निघतं ते पदकापेक्षा त्या नोकरीसाठी जास्त, आणि यात कुणी नाक मुरडू नये. पुढं २०२३ च्या यादीत नसरीन शेख आली. ती २०२५ च्या विश्वविजेत्या संघातही होती. म्हणजे पुरस्काराच्या निवड समितीला खो-खो आता दिसू लागला आहे, पण एका वर्षी या खेळातली दोन-तीन नावं घेण्याइतका नाही. पारावरची भांडणं त्यातूनच येतात. जागा एक, दावेदार पंधरा.

ऑलिंपिक, आशियाई आणि राष्ट्रकुल स्पर्धांची पदकं घेऊन इतर खेळांची मंडळी रांगेत पुढं उभी असतात. खो-खो यांपैकी कुठंच नाही. कबड्डी १९९० पासून आशियाई स्पर्धेत आहे, म्हणून तिच्या खेळाडूंची नावं यादीत अधूनमधून दिसत राहतात. खो-खोला जानेवारी २०२५ पर्यंत दाखवायला विश्वचषकही नव्हता. त्या अर्थानं ते वर्ष दुर्मीळ होतं, सगळ्या पंधराजणींसाठी.

आणि संधी चालून आली तरी कागद लागतो. अर्जुनसाठी आता खेळाडूला स्वतः ऑनलाइन अर्ज करता येतो. सोय चांगली, पण त्यातला धोका २०२४ मध्ये नेमबाज मनू भाकरच्या प्रकरणात सगळ्यांनी पाहिला. एकाच ऑलिंपिकमध्ये दोन पदकं, तरी खेलरत्नच्या पहिल्या चर्चेत नाव नाही. मग अर्ज केला होता की नव्हता यावर गदारोळ. शेवटी तिनंच म्हटलं की अर्ज भरताना कदाचित आपल्याकडून चूक झाली असावी. १७ जानेवारी २०२५ ला तिला खेलरत्न मिळालं. त्याच दिवशी, दिल्लीत खो-खोचा विश्वचषक चालू असताना, राष्ट्रपती भवनात मुरलीकांत पेटकरांनाही अर्जुन (जीवनगौरव) देण्यात आला. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकचं पोहण्यातलं सुवर्ण, आणि अर्जुन २०२५ मध्ये! खाशाबा जाधवांना तर १९५२ च्या कांस्यपदकाबद्दलचा अर्जुन त्यांच्या मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी मिळाला. महाराष्ट्रात या तक्रारीला वय आहे.

ऑलिंपिकवीरांची ही कथा, तर गोरेगावच्या पोरींचं काय? इथं खो-खो टिकला आहे कारण त्याला लागतात दोन खांब, चुन्याच्या रेघा आणि शिट्टी. मॅट नाही. मातीत सूर मारला की कोपर सोलतं, आणि मॅटवर खेळायची वेळ आली की पाय भलतीकडेच सरकतो. राज्यातली दादा केंद्रं म्हणजे पुणे, ठाणे, मुंबई उपनगर, सांगली, सोलापूर आणि आमच्या बाजूला धाराशिव. इथली मुलगी शाळेतून तालुका, जिल्हा, विभाग करत वर चढते, कॉलेजात गेली की नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या स्पर्धा, नशिबानं आंतरविद्यापीठ. प्रत्येक पायरीवर एक प्रमाणपत्र. त्यावर दहावी-बारावीला सवलतीचे गुण, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी असलेल्या पाच टक्क्यांच्या आरक्षणात अर्ज. घरचे मुलीला संध्याकाळी मैदानावर पाठवतात ते या फायलीकडे बघून. 'सर्वोत्कृष्ट' असं छापलेलं प्रमाणपत्र त्या फायलीत असणं-नसणं हा लग्न दोन वर्षं पुढं ढकलण्याचा प्रश्न असू शकतो. पारावरच्या वादाला म्हणून धार येते. त्या पोराचं कुणी कर्नाटकात राहत नाही. तो चैत्राची बाजू घेतो कारण तो स्वतः पळणारा होता, आणि त्याच्या संघातली बक्षिसं दरवेळी सूर मारणाऱ्याला गेली.

मला विचाराल तर त्या वर्षी खो-खोला एक अर्जुन मिळायला हरकत नव्हती, आणि एकच द्यायचा तर प्रियंकाची शक्यता सगळ्यांत मोठी होती. कारकीर्द लांब, पुरस्कार गाठीशी, वर कर्णधारपद. माझं स्वतःचं मत मात्र कर्णधारपद बाजूला ठेवून तिला जाईल. नाणेफेकीला कोण गेलं यावर पुरस्कार ठरू नये. अंतिम सामन्याचा विचार केला तर मी पोराच्या बाजूला आहे. तिथं चैत्राच. अंशू कुमारीचं नाव आमच्या पारावर कुणी घेतलंच नाही हेही नोंदवून ठेवतो. अंतिम सामन्यातली सर्वोत्कृष्ट आक्रमक ती, आणि आमच्याकडे तिच्यावर एक शब्दही झाला नाही.

सरांना मी रकान्याची गोष्ट सांगितली. गुणपत्रिकेत वेळ आणि गडी यांच्या शेजारी खोचा रकाना हवा, ज्या खोमुळे गडी गेला तो देणाऱ्याच्याही नावावर लागावा. आपल्याकडच्या फुटबॉलमध्ये गोलच्या आधीचा पास लिहितातच. सर खूश झाले. शाळेच्या पुढच्या सामन्यात पाटीच्या दोन्ही टोकांना एकेक पोरगा वही घेऊन बसवू म्हणाले. पोलीस भरतीवाला हसला. नऊ मिनिटांच्या डावात खो पडतात किती, लिहिणाऱ्याचं बोट वहीत असेल तेव्हा पुढचे तीन झालेले असतील. मोबाइलवर चित्रण करून मग मोजू, सर म्हणाले. बरं, मोजा; पण शेवटचा खो लिहायचा की त्याच्या आधीचा, जिथं साखळी तुटली तो? यावर सर म्हणाले, दोन्ही. आणि घाईत दिलेला खो, ज्यानं हातातला गडी सुटला, तो? तो कुणाच्या नावावर लावायचा यावरून मग दोघांचं पुन्हा जुंपलं.